वकील केला म्हणजे गुन्हा केला?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या घरात आजही चालते. मी तिसरीत असताना बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नंजनगूडला आलो. शाळेत मी कन्नड शिकले, पण म्हणी मात्र आईच्याच राहिल्या. भाऊबंदकीत वर्षानुवर्षं तारखा मारणारी माणसं पाहिली की ही म्हण पटतेही. पण फौजदारी केसमध्ये ती पायरी आपण चढत नाही, आपल्याला बोलावलं जातं. तिथे शहाणपण कशात असतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

बाबांच्या कारखान्यात कोल्हापूरकडचे एक काका आहेत. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा क्रिकेटच्या मैदानावरच्या भांडणात सापडला. ठाण्यातून मिळालेली एफआयआरची प्रत घेऊन काका घरी आले. “पोरी, तुला कन्नड येतं. जरा वाचून सांग, काय काय लिहिलंय ते.”

वाचताना माझाच घसा कोरडा पडला. मुलाने नाकाचं हाड मोडलं, असं तक्रारीत होतं. काका म्हणाले, “एक ठोसा मारला, हे पोरगा कबूल करतो. पण वकील केला तर लोक म्हणतील, नक्कीच मोठं काहीतरी केलंय.” ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना सल्ला दिला होता, “गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.”

बाबांनी काकांना कसंबसं तयार केलं आणि आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्या कन्नडमध्ये सांगत होत्या आणि मी काकांना मराठीत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “डॉक्टरांचा दाखला पाहिला का?” आम्ही कोणीच तो पाहिला नव्हता.

त्यांनी समजावलं ते असं. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यात साधी दुखापत आणि गंभीर दुखापत हे वेगळे गुन्हे आहेत. साध्या दुखापतीला जास्तीत जास्त १ वर्ष कैद, गंभीर दुखापतीला ७ वर्षांपर्यंत. हाड मोडलं तर दुखापत गंभीर धरतात. म्हणजे ठोसा एकच, पण एक्स-रेमध्ये काय दिसतं त्यावर आयुष्याची दिशा ठरणार.

दाखल्यात सूज आणि जखम होती, हाड शाबूत होतं. वकीलबाईंनी तो मुद्दा न्यायालयात मांडला आणि जड कलम गळालं. उरलेला साध्या दुखापतीचा गुन्हा जखमी व्यक्तीच्या संमतीने मिटवता येतो. मुलाने माफी मागितली, औषधपाण्याचा खर्च दिला आणि केस न्यायालयातच रीतसर मिटली. घाईने ‘कबूल’ म्हटलं असतं, तर न केलेल्या गोष्टीचा शिक्का घेऊन तो नोकरीचे अर्ज भरत बसला असता.

तेव्हा मला समजलं की वकील गुन्हा लपवायला नसतो. जेवढं केलं तेवढंच माणसाच्या माथी यावं, हे तो पाहतो. एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. ती तक्रारीची पहिली नोंद. मग तपास, मग आरोपपत्र, मग न्यायाधीश आरोप वाचून विचारतात, “मान्य आहे का?” तिथून पुढे आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते.

आणि ज्याने काहीच केलेलं नाही त्याचं काय? आमच्याच म्हैसूर जिल्ह्यातली गोष्ट आहे. शेजारच्या कोडगू जिल्ह्यातल्या एका आदिवासी मजुराची बायको २०२० मध्ये बेपत्ता झाली. तक्रार त्यानेच दिली. पुढे पिरियापट्टण तालुक्यात सापडलेला सांगाडा तिचाच आहे असं धरून पोलिसांनी त्यालाच खुनाच्या आरोपाखाली अटक केली. डीएनए जुळला नाही, तरी खटला चालूच राहिला. दीड वर्षाहून जास्त काळ तो तुरुंगात होता. एप्रिल २०२५ मध्ये ती बाई मडिकेरीत जिवंत सापडली आणि म्हैसूरच्या न्यायालयापुढे हजर झाली. त्याच महिन्यात तो निर्दोष सुटला. न्यायालयाने त्याला १ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गेलेल्या वर्षांची भरपाई कोण देणार? पण त्याची बाजू मांडायला वकील नसता, तर त्या जुळत नसलेल्या डीएनएकडे बोट दाखवणारंही कोणी नसतं.

“वकील परवडणार कसा?” हा प्रश्न काकांनीही विचारला होता. त्याचं उत्तर कायद्यातच आहे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अटक झालेल्या माणसाचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे, आणि मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व कलम ३९-अ मध्ये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या इतरांनाही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करता येतो. देशभराचा मदत क्रमांक आहे १५१००. तो फोनमध्ये साठवून ठेवा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

आणि परक्या राज्यात राहणाऱ्यांनो, एक गोष्ट आणखी. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. आधी तो कोणाकडून तरी वाचून घ्या. आरोप काय आहे हे समजून घेणं हा आरोपीचा हक्क आहे.

आईची म्हण अजून बदललेली नाही. फक्त हल्ली ती पुढे जोडते, “पण चढावीच लागली, तर एकट्याने चढू नये.”