खालची पापणी

खानावळीच्या मावशींच्या वहीत माझ्या नावापुढं 640 रुपये बाकी होते. ती बाकी कशी चढली, ते सांगते.

1988 च्या जूनमध्ये परभणीहून पुण्याला बी.एस्सी.साठी आले. घरची मनीऑर्डर बेताची, म्हणून मी आणि खोलीतली मैत्रीण एकाच डब्यात दोघी जेवायचो. उरलेली भूक चहा-खारीवर भागायची. गावी ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची नाहीतर करडईची भाजी. इथं मैदा आणि उकळलेला चहा. दिवाळीपर्यंत दोन जिने चढले की धाप लागायला लागली. महिन्याचे ते चार दिवस तर अंथरुणातच जायचे. अभ्यासाचा ताण, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

डबा आणायला सदाशिव पेठेतल्या खानावळीत जायचे. एका संध्याकाळी मावशींनी डबा हातात दिलाच नाही. दंडाला धरून मला दाराशी उजेडात नेलं आणि कणीक लागलेल्या अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली.

"रक्त कुठं सांडून आलीस गं पोरी? आत पार पांढरं पडलंय."

तपासणीत हिमोग्लोबिन 7.6 निघालं. बाईमाणसाचं 12 च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, "जेवणानंतर घ्या" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. जेवणानंतर मी काय घ्यायचे? चहा. त्याच कपाबरोबर गोळी गिळायचे. महिन्यानं आकडा जेमतेम हलला होता.

मावशींना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "जेवणावर चहा? तो जेवण खातो बाई!" हे त्या सासूकडून शिकल्या होत्या. पुढं आहारशास्त्र शिकताना मला चहातलं टॅनिन भेटलं. ते वनस्पतीतल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतं. जेवणाबरोबरचा एक कप चहा मिळणारं लोह निम्म्याहूनही खाली आणू शकतो. पुस्तक वाचताना मला मावशींचा कपाळावरचा हातच दिसत होता.

तेव्हापासून माझा डबा वेगळा झाला. "अर्ध्याचे पैसे दे, अर्ध्याचे लिहून ठेवते." स्वयंपाकघरातल्या खिळ्याला ओल्या फडक्यात मटकी टांगलेली असायची, मोड बोटाच्या पेराएवढे झाले की उसळ. मोड आले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. चुक्याची भाजी लोखंडी कढईत व्हायची. काळपट, दिसायला अगदी वाईट, पण आंबटानं कढईतलं लोखंड भाजीत उतरतं. आणि डब्याच्या वरच्या पुडात रोज लिंबाची फोड. ती पिळल्याशिवाय घास घ्यायचा नाही, अशी ताकीद. क जीवनसत्त्वानं वनस्पतीतलं लोह कितीतरी जास्त अंगी लागतं, हेही मला नंतरच कळलं.

मावशींचं सगळंच बरोबर होतं असं नाही. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, यावर त्या ठाम होत्या. बीटात लोह थोडंच असतं. पण मी वाद घातला नाही, मुकाट्यानं खाल्लं.

तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. रक्त भरायला महिने लागतात. गोळ्या चालू होत्याच, फक्त आता त्या लिंबूपाण्याबरोबर जात होत्या. श्रेय गोळ्यांचं की उसळीचं, हे आज आहारतज्ज्ञ असूनही मला वेगळं काढता येत नाही. गोळ्यांवाचून भागलं नसतं, एवढं नक्की. पण त्या अंगी लागल्या मावशींमुळं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आकडा 11.8 वर होता.

पहिल्या पगारातून 640 रुपये घेऊन गेले. मावशींनी ते दोनदा मोजले, वहीतली ओळ खोडली, नोटा कनवटीला लावल्या. मग चष्मा वर करून माझी पापणी ओढली, "हं" म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाला भाकरी वाढायला वळल्या.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका पंडुरोगी निघाल्या. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक मुलीही थकव्याला अभ्यासाचं नाव देऊनच येतात. तुमच्या घरात एखादी असेल तर तिला उजेडात न्या आणि खालची पापणी ओढून बघा. फिकट दिसली, किंवा नुसती शंका आली, तरी रक्त तपासून घ्या. आणि गोळी मिळालीच, तर चहाचा कप तेवढा लांब ठेवा.