पुठ्ठ्याची मोटार

मोटार या विषयातला माझा अधिकार मोठा आहे. माझ्या मालकीची एकही मोटार नाही ही गोष्ट वेगळी. मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली काही वर्षं उल्हासनगरच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर आहे. या काळात मी जितक्या मोटारी कागदावर पाहिल्या, तितके घोडे एखाद्या संस्थानिकानं तबेल्यात पाहिले नसतील. आणि हप्ते थकले की त्यातल्या काही मोटारी प्रत्यक्षही पाहतो. जप्त होऊन आलेली गाडी आवारात उभी राहिली की साहेब म्हणतात, "जा, फोटो काढून आणा." मी जातो. समोरून एक, मागून एक, दोन्ही कुशींचे दोन, नंबरप्लेटचा एक आणि चासी नंबरचा एक. एकूण सहा. आजवर माझ्या फोटोंबद्दल कुणी तक्रार केलेली नाही. कौतुकही केलेलं नाही; पण बँकेत तक्रार न होणं हेच कौतुक धरायचं असतं.

तर अशा या तज्ज्ञाच्या बदलापूरच्या घरी, त्याच्या डोळ्यांदेखत, एक घटना घडली.

आमच्या चिरंजीवांनी नववीचा निकाल बरा लागल्याच्या मोबदल्यात एक जुनं प्लेस्टेशन पदरात पाडून घेतलं. उल्हासनगरात जीन्सच्या पँटीपासून लाकडी पलंगापर्यंत सगळं मिळतं, तसं तेही घासाघीस करून मिळालं. त्यात 'ग्रॅन टुरिस्मो सेव्हन' नावाचा मोटारींच्या शर्यतींचा खेळ. मी म्हटलं, ठीक आहे. बदलापूर म्हणजे पूर्वी घोडे बदलायचं गाव, असं सांगतात. हा इथं बसून अश्वशक्ती बदलेल, एवढंच.

पण एके रात्री पाणी प्यायला उठलो तर पडद्यावर गाडी उभी! पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाडी हलेना. मला वाटलं, पेट्रोल संपलं. चिरंजीव मात्र श्वास रोखून कसलीशी बटणं दाबत होते.

"काय रे, बंद पडली का?"

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

"गाडीचा."

मी चष्मा लावून आलो. प्रकार असा होता की या खेळात शर्यत न लावतासुद्धा राहता येतं. जगातल्या अडीच हजारांहून जास्त ठिकाणांची खरी छायाचित्रं त्यात भरलेली आहेत. त्यातलं एक निवडायचं, हवी ती मोटार तिथं नेऊन उभी करायची आणि कॅमेरा घेऊन तिच्याभोवती फिरायचं. या उद्योगाला 'स्केप्स' म्हणतात. तो २०१७ सालच्या खेळात आला. पण मोटारींचे फोटो काढायची सोय त्याच्याही आधी, २००४ सालच्या चौथ्या भागातच होती. म्हणजे मी बँकेत व्हाउचरं लावायला शिकत होतो, त्याच सुमाराला जपानातली माणसं नसलेल्या मोटारींचे फोटो काढत होती.

मी नको ते बोलून गेलो.

"अरे, खोट्या गाडीचे खोटे फोटो! दहावीचं वर्ष आहे. यातून काय मिळणार?"

तो काही बोलला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. पडदा बंद केलान, वायरी नीट गुंडाळल्या आणि झोपायला गेला.

ती वायरी गुंडाळण्याची तऱ्हा मला ओळखीची वाटली. कुठं पाहिली, ते अंथरुणात पडल्यावर आठवलं आणि झोप उडाली.

आमचं बिऱ्हाड तेव्हा अंबरनाथला होतं. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. महाशिवरात्रीला शिवमंदिराची जत्रा भरायची, आजही भरते. १९८४ च्या जत्रेत एका फोटोवाल्याच्या तंबूत रंगवलेल्या पुठ्ठ्याची मोटार होती. तिच्यामागं बाकडं. बाकड्यावर बसलं की माणूस मोटारीत! त्या मोटारीत आम्ही तिघं आहोत. मी चार वर्षांचा, आई अवघडलेली आणि वडील दोन्ही हात चाकावर ठेवून असे बसलेत, की खाली मुंबई-पुणे रस्ता धावतोय. तो फोटो फ्रेम करून दारासमोर लावलेला होता. मी चौदा वर्षांचा असताना शाळेतले मित्र घरी आले. एकानं विचारलं, "तुमची गाडी?" मी वडिलांसमोर खो खो हसून म्हणालो, "अरे, पुठ्ठ्याची आहे!"

वडील हसले. मित्र गेल्यावर त्यांनी फोटो खाली उतरवला, सुतळी नीट गुंडाळली आणि सगळं ट्रंकेत ठेवून दिलं. तो पुन्हा भिंतीवर लागला नाही. वडील गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी माफी मागायला हवी होती, हे कळण्याइतकी अक्कल यायला मला नोकरी लागावी लागली आणि तोवर विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चिरंजीवांशेजारी जाऊन बसलो.

"मला शिकव."

"काय?"

"फोटो. मला अनुभव आहे."

त्यानं एक लाल मोटार उभी करून दिली. मी मनापासून फोटो काढला. त्यानं पाहिला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "बाबा, हा जप्तीचा फोटो आहे."

तिथून माझं शिक्षण सुरू झालं. पहिला धडा, गाडीसमोर उभं राहायचं नाही. कोपऱ्यावर उभं राहायचं, म्हणजे तोंड आणि कूस दोन्ही दिसतात. दुसरा धडा, वाकायचं. आपण उभ्या माणसाच्या उंचीवरनं फोटो काढतो आणि गाडी केविलवाणी दिसते. कॅमेरा दिव्यांच्या उंचीला आणला की तीच गाडी रुबाबात येते. तिसरा धडा पुढच्या चाकाचा. ते असं वळवायचं, की आपल्याला रिम दिसावी, टायरची झिजलेली धार दिसू नये. एवढ्याशा वळवण्यानं गाडी मान कलती करून बघतेय असं वाटतं. मी आयुष्यात शेकडो गाड्यांचे फोटो काढले, पण एकीलाही मान वळवायला सांगितलं नव्हतं.

मग भिंगं आली. रुंद भिंग लावून जवळ गेलो, तर बॉनेट फुगलं. सौ. स्वैपाकघरातनं म्हणाली, "अहो, हा तुमचा आधार कार्डावरचा फोटो का?" चिरंजीव म्हणाले, लांब जा आणि लांबचं भिंग लावा. गाडी लगेच अंगासरशी बसली. झरोका, म्हणजे ॲपर्चर, मी उत्साहानं उघडला सताड. मागचं सगळं छान धूसर झालं आणि गाडीची शेपटीही धूसर झाली. "आठ करा," तो म्हणाला. केलं. शेपटी परत आली.

पळत्या गाडीचा फोटो सगळ्यांत अवघड. मी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं, तर ताशी दोनशेनं धावणारी गाडी सिग्नलला उभी असल्यासारखी आली. त्यानं साठावा भाग केला आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवला. गाडी स्वच्छ, मागची झाडं रेघा रेघा. याला म्हणे पॅनिंग म्हणतात. मी म्हटलं, हे मला येतं! लोकल फलाटात शिरताना एका रिकाम्या खिडकीवर नजर खिळवून मान फिरवत न्यायची, बाकी जग पुसून टाकायचं, हे मी वीस वर्षं करतोय. बदलापूरच्या फलाटावर सकाळी उभी असलेली सगळी मंडळी पॅनिंगच करत असतात. फक्त कॅमेरा नसतो.

उजेडाचा धडा मात्र पडद्यावर कळेना. मग एका सकाळी आम्ही दोघं अंबरनाथच्या देवळात गेलो. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ. लहानपणी मी त्याच्या अंगाखांद्यावर खेळलो. पण तिरपं ऊन भिंतीवर सरकताना बघत कधी थांबलो नव्हतो. काळ्या दगडातल्या मूर्ती एकेक करून पुढं आल्या. दुपारी पुन्हा फेरी मारली तर सगळ्या परत भिंतीत गेलेल्या. चिरंजीव म्हणाले, "बघा. ऊन डोक्यावर आलं की संपलं." मी साडेदहा ते पाचमधला माणूस. ऊन डोक्यावर येतं आणि उतरतं ते मी फायलींच्या मागूनच ऐकून आहे.

घरी आल्यावर मी ट्रंक उघडली आणि तो फोटो काढून त्याच्या हातात दिला. का उतरवला होता, तेही सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबांच्या तोंडावर उजेड डावीकडून आहे आणि मोटारीची सावलीसुद्धा डावीकडेच रंगवलीय. दोन सूर्य झाले." खेळात म्हणे ही चूक होत नाही, त्या जागेचा उजेड गाडीवर आपोआप पडतो. मी म्हटलं, "बाबा रे, घरात पगार एकच होता. सूर्य दोन असले तर बिघडलं कुठं?"

वडिलांना फियाट आवडायची. आपली ती बसकी, चौकोनी प्रीमिअर पद्मिनी. ती काही खेळात सापडेना. मुंबईतनंसुद्धा तिच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला गेल्या, तर जपान्यांना काय बोल लावायचा! सापडली ती १९६८ सालची फियाट फाइव्ह हंड्रेड. चिमुकली. चिरंजीवांनी तीन रात्री खपून ती एका गल्लीत उभी केली. कोपऱ्यावरनं, खाली वाकून, चाक जरासं वळवून. त्याचा छापील फोटो आणून आईपुढं ठेवला.

आई म्हणाली, "ही फियाट? यात हे मावले नसते. गुडघे कानाशी आले असते." मग डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. "पण यात माणूस कुठाय?"

"बसवता येतो आजी. पण हेल्मेट घालून."

"नको," आई म्हणाली. "चहा प्यायला उतरले असतील. येतील."

आता दोन्ही फोटो दारासमोर शेजारी शेजारी आहेत. सुतळी जुनीच आहे.

परवा बँकेत एक जप्तीची गाडी आली. मी सहा फोटो काढले. मग पाच वाजता, ऊन उतरल्यावर, पुन्हा आवारात गेलो, चाक वळवून घेतलं, धुळीत गुडघे टेकले आणि सातवा काढला. फाटकाशी गाडीचा मालक उभा होता. शेवटचं बघायला आला असावा. मी उठलो, पँट झटकली आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. तो बघतच राहिला.

"साईं," तो हळूच म्हणाला, "इतनी अच्छी थी मेरी गाडी?"