नोंदवहीतले नाव

विहारातल्या मंडळींना मी खोटे सांगून गेलो होतो, हे आधी कबूल करतो. "दोन दिवस गावी चाललोय, शनिवारचा धम्मवर्ग तेवढा सांभाळा," असे सांगून आम्ही तिघे, म्हणजे मी, माझी पत्नी आणि मुलगी, कळंबोलीहून निघालो ते थेट मुरूडच्या अलीकडच्या, समुद्रकाठच्या एका लहानशा गावात, एका महागड्या रिसॉर्टमध्ये. गावाचे आणि रिसॉर्टचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहायचे आहे ते माझ्याविषयी.

मुलीला नोकरी लागून वर्ष झाले आणि आमच्या लग्नाला चोवीस वर्षे. तिने आधी मोबाईलवर ग्रीस देशातल्या एका बेटाची चित्रे दाखवली. पांढरीशुभ्र घरे, शांत गाव, खाली निळा समुद्र. म्हणाली, "पप्पा, एक दिवस तुम्हाला इथे नेणार. तोवर आपले कोकणातले ग्रीस." मी म्हटले, अगं, ग्रीक लोक आपल्याकडे केव्हाच येऊन गेलेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा, धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत, त्यांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. मिलिंद राजा तरी कोण होता? त्याने भदंत नागसेनांना प्रश्न विचारले, म्हणून तर बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या कॉलेजला मिलिंदचे नाव दिले. "झाले यांचे भाषण सुरू," मुलगी म्हणाली. "पैसे भरून झालेत पप्पा, आता परत मिळत नाहीत."

दोन रात्रींचे भाडे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मी लोखंड बाजारात एका पेढीवर कारकून. बी.कॉम. झालेला माणूस दुसरे काय करणार? आधी भागाकार केला, तासाला किती पडले. मग धम्मवर्गाच्या पोरांच्या वह्या-पेन्सिली त्यात किती आल्या असत्या, तेही काढले. पत्नीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "चोवीस वर्षांत सलग दोन दिवस मी गॅस पेटवला नाही असे कधी झालेय का? तेही मांडा तुमच्या वहीत." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून गेलो.

तिथे काऊंटरवरच्या मुलीने आधार कार्ड मागितले आणि मोठी नोंदवही पुढे सरकवली. पूर्ण नाव, पत्ता, सही. पेन हातात घेतले आणि मी क्षणभर थांबलो. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे ती गोष्ट आठवली. १९१७ साली अमेरिका आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा कोणी राहायला जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत सोय झाली, पण वहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी आले आणि त्यांनी जाब विचारून त्यांना बाहेर काढले. त्यानंतर रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते बागेत बसून राहिले. ही गोष्ट मी धम्मवर्गात दरवर्षी सांगतो. आणि आज माझ्या पुढे वही होती, माझेच नाव, माझीच सही, पाठीमागे माझी मुलगी पैसे भरून उभी. मी ठळक अक्षरांत नाव लिहिले. छाती फुगली, हे खोटे कशाला सांगू?

ती फुगलेली छाती संध्याकाळपर्यंत टिकली.

जागा खरोखर सुंदर होती. नारळी-पोफळीच्या वाडीत वेगवेगळी बसकी घरे, लाल चिऱ्याच्या भिंती, आणि एवढी शांतता की सुपारीचे फळ पडलेले ऐकू येई. आमच्या कळंबोलीत रात्रभर ट्रेलर चालतात. पहिल्या रात्री मला शांततेनेच झोप येईना. पत्नीची दुसरीच तऱ्हा. खोली साफ करायला पोरगा येणार, म्हणून तिने त्याच्या आधी चादरी झटकून घड्या घातल्या, कप विसळून पालथे घातले. मुलगी चिडली. "आई, आपण त्याचे पैसे दिलेत." "दिले असतील. पण त्याने आपला पसारा बघावा हे मला नाही चालायचे."

पण हे पहिल्या रात्रीनंतरचे. त्याआधी, त्या पहिल्याच संध्याकाळी, पोहण्याच्या तलावाच्या काठी खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो. मुलगी पाण्यात, पत्नी काठावर पाय सोडून. तिथून महाड काही फार लांब नाही, त्याच रायगड जिल्ह्यात. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला आपल्या माणसांनी हात लावला. हे सगळे माझ्या मनात चाललेले असताना शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ बोलू लागले. पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने मोकळे. कुठले, काय करता, आडनाव काय. माझे आडनाव असे की ते मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही. "मूळचे कुठले?" मी म्हटले, कराड तालुका. "मग आपलेच की!" ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी हात मिळवला.

गोष्ट तिथेच थांबली असती तरी चालले असते. पण ते पुढे म्हणाले, "पूर्वी अशा ठिकाणी चार चांगली घरची माणसे यायची. हल्ली पैसा आला की कुणीही येते." आणि मी हसलो.

वाचकहो, मी पंचवीस वर्षे जयंतीच्या व्यासपीठांवर उभा राहून तरुण पोरांना सांगत आलो की ओळख लपवू नका, भाड्याच्या खोलीसाठी आडनाव बदलू नका. तो मी, कोणी काठी उगारलेली नसताना, अंगाखाली मऊ खुर्ची आणि हातात नारळपाणी असताना हसलो. मुलगी पाण्यातून माझ्याकडे बघत होती. टॉवेल घेऊन उभा असलेला पोरगाही बघत होता. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नुसते पहिले नाव होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नीने नेहमीप्रमाणे ओसरीवर बसून त्रिसरण-पंचशील म्हटले. तोच पोरगा चहा घेऊन आला होता. वंदना संपेपर्यंत तो ट्रे धरून पायरीवर उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "जयभीम काकू." रिसॉर्टच्या कुंपणामागे जी बौद्धवाडी, तिथला तो. वाडीतली आठ माणसे इथे कामाला. पगार वेळेवर होतो, साहेब बरे आहेत, असे त्याने आपणहून सांगितले. मी विचारले, पट्टीवर आडनाव का नाही? मालकाने नको म्हटले? "नाही काका. मालकांनी पूर्ण नाव विचारले होते. आम्हीच म्हटले, पहिले पुरे." थोडा घुटमळला आणि पुढे म्हणाला, "काल तुम्ही त्या साहेबांना काही बोलला नाहीत ते बरे केलेत. उगाच दोन दिवस खराब झाले असते. मीपण नाही बोलत."

त्याने अगदी आपुलकीने सांगितले. शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते.

नाश्त्याच्या वेळी मी त्या गृहस्थांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. म्हटले, "काल अर्धेच सांगायचे राहिले. आम्ही बौद्ध. बाबासाहेबांची माणसे." रात्रभर मी मनात जे भाषण रचले होते त्यातले दुसरे एक वाक्य तोंडातून निघाले नाही. ते गृहस्थ काही रागावले नाहीत. "असं का? छान, छान," म्हणाले. "आमच्या बँकेतही तुमचे एक होते. फार हुशार माणूस." काल मी 'आपला' होतो, एका रात्रीत 'तुमचे' झालो. नंतर दिवसभर त्यांची खुर्ची तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. कदाचित तिकडे सावली जास्त असेल. मला मात्र भूक लागली आणि मी चार घावने खाल्ली.

त्या संध्याकाळी आम्ही पोराबरोबर बौद्धवाडीत गेलो. पंचवीस-तीस घरे, पत्र्याचे छोटे विहार, आत तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. पोराची आजी ओट्यावर बसली होती. रिसॉर्ट व्हायच्या आधी तीच त्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जायची. फाटक झाल्यापासून आत पाऊल टाकलेले नाही. कोणी अडवलेले नाही, पण कामाशिवाय कशाला जायचे? तिने माझ्या पत्नीला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "आत कसां आहे गो?" पत्नीने सगळे सांगितले. न्हाणीघर केवढे, गरम पाणी कसे येते, गादीत बसले की कसे रुतायला होते. म्हातारी मान डोलवत ऐकत होती. "आणि विहीर?" तिने विचारले. विहीर आम्ही कुठे पाहिली नव्हती. तिथेच कुठेतरी ती असणार, किंवा बुजवली असणार. तो तलाव जिथे आहे तिथे तर नव्हती, असे मला वाटून गेले, पण मी विचारले नाही.

निघताना पोरगा म्हणाला, "जाताना कुड्याची लेणी बघून जा काका. आपलीच आहेत." म्हणून रविवारी आम्ही राजपुरीच्या खाडीकडून तळे-मांदाडच्या बाजूने परत निघालो. खाडीवरच्या डोंगरात सव्वीस लेणी आहेत. त्यांच्या शिलालेखांविषयी मी पुस्तकात वाचले होते, पण वाचणे वेगळे आणि तिथे उभे राहणे वेगळे. पहिले लेणे कोणी दिले माहीत आहे? एका कारकुनाने. मांदव महाभोज खंदपालित याच्या चाकरीतला 'लेखक' शिवभूति आणि त्याची पत्नी नंदा. सहावे, चैत्याचे मोठे लेणे त्याचा धाकटा भाऊ शिवम याचे, आणि त्याच्या लेखात त्याची पत्नी विजया, मुले आणि मुली सगळ्यांची नावे आहेत. कोरीव काम मुलांच्या नावावर, खांब मुलींच्या नावावर. दुसरे एक लेणे माळ्याच्या घरचे, एक वैद्याचे. आणि एक करहाकडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे. करहाकड म्हणजे आपले कराड. माझे वडील कराड तालुक्यातून येऊन दारूखान्यात लोखंड वाहत होते, मी कळंबोलीत त्याच लोखंडाचा हिशेब लिहितो. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही नावे. धंद्यासकट, गावासकट, बायको-पोरांसकट, कुणाचीही भीड न ठेवता दगडात खोदलेली.

कारकुनाच्या पगारात लेणे कसे काय परवडले, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. महाभोज पगार बरा देत असावा.

"नंदा कुठे लिहिलेय, दाखवा," पत्नी म्हणाली. मला ब्राह्मी लिपी वाचता येत नाही. मी उगाच दोन-चार अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हटले, यातच कुठेतरी. मुलीने फोटो काढला. ती म्हणाली, शिकून घेऊ पप्पा, अवघड नसते. आता ती रोज रात्री मोबाईलवर दोन-दोन अक्षरे गिरवते आणि मला चुका दाखवते.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि गावी नव्हतो गेलो, कुठे गेलो होतो ते सांगितले. तलावाकाठचे हसणेही सांगितले. चिटणीसांनी विचारले, "किती पडले?" मी आकडा सांगितला. जरा वेळ कोणी बोलले नाही. एकजण म्हणाला, एवढ्यात विहाराचा रंग झाला असता. ते खरेच आहे. मग पुढच्या सतरंजीवर बसलेल्या, जन्मभर लोकांची धुणी-भांडी केलेल्या आमच्या एका वृद्ध उपासिकेने मागे वळून माझ्या पत्नीला विचारले, "पाण्यात उतरलीस का गं?"

"गुडघ्यापर्यंत," पत्नी म्हणाली.