गवती चहाचा ठोंब

आमच्या घरी विकत न आणावी लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे गवती चहा. बाकी मिठापासून काडेपेटीपर्यंत सारे दुकानदाराच्या वहीवर. न्हाणीचे पाणी जिथे जिरते तिथे, शेवग्याच्या बुंध्याशी, त्याचा एक दांडगा ठोंब आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आईने तो माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला, असे आजी सांगते. हुंड्याच्या यादीत तो नव्हता. आणि यादीतले आता काहीच उरलेले नाही.

गवती चहा सहसा फुलावर येत नाही, म्हणून बियांची भानगड नाही. तो हातोहात पसरतो. ठोंब खणायचा, मुळ्यांसकट दोन-तीन फुटवे सोडवायचे, वरची पात छाटायची आणि पावसाच्या सुरुवातीला हात-दीड हातावर लावायचे. पाणी मात्र साचू द्यायचे नाही, मुळे कुजतात. पात काढायची ती जमिनीपासून चार बोटे वर, विळ्याने, ओरबाडायची नाही. तीन-चार वर्षांनी ठोंब मधूनच वाळू लागतो, तेव्हा तो पुन्हा फोडून लावावा लागतो. आमच्या आळीतल्या निम्म्या घरांचे ठोंब अशा वेळी आमच्याकडूनच गेले आहेत.

त्याच्या चिवटपणाचे म्हणाल, तर तो आम्ही दरवर्षी पाहतो. आमचा जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की आई-अण्णा ऊसतोडीला जातात. मी पाचवीत जाईपर्यंत आम्ही सगळीच जात होतो, अगदी आजीसुद्धा. घराला कुलूप, ठोंबाला पाणी कोण घालणार? मार्च-एप्रिलात परत येऊन पाहावे तर कडब्याची पेंढी! आई ती वाळकी पात कोयत्याने उडवी आणि दोन तांबे पाणी ओती. आठ-दहा दिवसांत मधून हिरवी सुई वर येई. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आमच्या गावातही प्यायला पाणी नव्हते. आजीच्या तोंड धुतलेल्या पाण्यावर त्याने दिवस काढले. जून लागला आणि कडेचे चार फुटवे आलेच.

निघण्याआधी आई पात सावलीत वाळवून पुडी बांधते. कोपीवर पहाटे तीनला उठायचे असते. दूध नाही, पत्ती चिमूटभर. (साखर कारखान्याच्या दारात राहून साखरही मोजूनच!) तेव्हा ती पातच चहाला चहापण देते. आई पात टाकली की पातेले झाकते. “वास वाफेवर जातो गं,” म्हणते. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वाचले, की हा वास सिट्राल नावाच्या द्रव्याचा. तेच लिंबाच्या सालीतही असते आणि ते वाफेबरोबर उडून जाते. गवती चहा आणि ऊस एकाच गवतकुळातले, हेही तिथेच कळले. दोघांच्या पातीला करवतीची धार आहे, हे मात्र आईच्या हातांकडे पाहून आधीच ठाऊक होते.

आता औषधाचे. ताप आला की आई पात, आले आणि तुळशीची चार पाने उकळून पाजते. घाम सुटतो, अंग हलके वाटते, एवढे खरे. पण कोपीवर या काढ्याला जे महत्त्व आले आहे, ते त्याच्या गुणापेक्षा खाड्यामुळे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने दिवस बुडवला तरी मुकादम खाडा मांडतो आणि घेतलेली उचल फिटायची ती वाढते. दवाखाना म्हणजे फीचे पैसे आणि वर खाडा. काढ्याला दोन्ही लागत नाही. औषधी वनस्पतींचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला माझ्या वाचनात नाही.

मी अकरावीसाठी तालुक्याला आले. घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिली. आजी थकली होती, म्हणून धाकटी बहीण आई-अण्णांबरोबर कोपीवर जाऊ लागली. 2024 च्या जानेवारीत तिला ताप भरला. काढा पाजत नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासले, टायफॉईड निघाला. ती वाचली. आठवीची परीक्षा मात्र बुडाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता पहाटेचा चहा तीच करते.

मी वसतिगृहाच्या नळामागे एक फुटवा लावला आहे. मैत्रिणी हौसेने पात खुडतात, “काय छान वास!” म्हणतात. मी नको म्हणत नाही. यंदा दिवाळीत पुडी मी बांधली. वाळक्या पातीत शिष्यवृत्तीच्या पैशांतून घेतलेला तापमापक ठेवला आणि धाकटीला तो वाचायला शिकवले. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर खाड्याचा विचार न करता दवाखाना गाठायचा, असे अण्णांकडून कबूल करून घेतले. अण्णा हो म्हणाले. आई काहीच बोलली नाही. पुडीची गाठ सोडून तिने ती पुन्हा, आणखी घट्ट बांधली.