टॉम विल्स आणि न निघणारं तात्पर्य

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा आद्य पुरुष म्हणून टॉम विल्सचं नाव घेतात. गडी मूळचा क्रिकेटचा. इंग्लंडात रग्बी शाळेत शिकून मेलबर्नला आला. हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा क्लब काढा, असं पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये वर्तमानपत्राला धाडलं. मे १८५९ मध्ये चौघांनी बसून नियम लिहिले.

१८६१ साली क्वीन्सलँडमध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात त्याच्या वडिलांसह एकोणीस माणसं मारली गेली. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. आणि पाचच वर्षांनी, १८६६च्या नाताळात, मूळ रहिवाशांच्याच (अर्थात दुसऱ्या प्रांतातल्या) क्रिकेट संघाचा तो मेलबर्नच्या मैदानावर कप्तान होता!

वर्गात असतो तर फळ्यावर 'क्षमा' असं तात्पर्य लिहून मोकळा झालो असतो. पण २०२१ मध्ये एक जुना वृत्तपत्रीय मजकूर उजेडात आला. त्या हल्ल्यानंतरच्या सूडाच्या कत्तलीत टॉमही होता, असा त्यात दावा आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. पुढे दारूने पोखरलेल्या टॉमने १८८० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचं आयुष्य संपवलं.

माणूस म्हणजे गणित नव्हे, ताळा जुळेलच असं नाही. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.