पायऱ्या मोजत मुंबई

बाहेरगावचा मित्र मुंबई बघायला येतो म्हणाला की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. गेटवे, घारापुरी, व्हीटी, मरीन ड्राइव्ह. वेळ उरला तर हाजी अली, आणि नाही उरला तर टॅक्सीतूनच "ते बघ हाजी अली". (व्हीटीचं सीएसटी १९९६ साली झालं आणि सीएसएमटी २०१७ साली, पण आमच्या घरात अजून व्हीटीच म्हणतात. असो.)

मी मूळचा गणेशपुरीचा. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, तानसा नदीचा काठ. नोकरी ऐरोलीला, सॉफ्टवेअरची. पत्ता सांगितला की सांगली-कोल्हापूरकडचे मित्र म्हणतात, "म्हणजे मुंबईच की रे." अहो, मुंबई आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या पुढे! पण पाहुण्यांना वाट दाखवायचं काम मात्र मला लहानपणापासून येतं. आमच्या गावात नित्यानंद बाबा १९३६ साली आले आणि १९६१ साली इथेच समाधिस्थ झाले. पुढे मुक्तानंदांच्या आश्रमामुळे सत्तरच्या दशकात परदेशी मंडळीही येऊ लागली. त्यामुळे शाळेतून घरी येताना दिवसाला दोघं-तिघं तरी विचारायचेच, समाधी मंदिर कुठे, गरम पाण्याची कुंडं कुठे. आम्ही बोट दाखवून पुढे पळायचो. गाइडगिरीचा एवढा अनुभव पुरेसा आहे असं माझं मत होतं.

तर गेल्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या रूममेटचा मिरजेहून फोन आला. "भावा, मला मुंबई दाखव."

याची ओळख करून द्यायला हवी. इंजिनियरिंगची चार वर्षं आम्ही सांगलीत एका खोलीत काढली. सह्याद्रीतले किल्ले मी जे काही बघितले ते याच्या पाठीकडे बघत. हा पुढे, मी दम खात मागे. २०२३ साली हायवेवर त्याला अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तिथे कार्बन फायबरचा पाय आहे. तो त्याला "लेफ्ट लेग व्हर्जन टू" म्हणतो, आणि बग रिपोर्ट घ्यायला तयार असतो. तेव्हापासून मिरजेत घरून काम करतो. घरचे म्हणतात, बरं चाललंय की.

"मुंबई दाखवतो, पण एकदम काय सुचलं?" मी विचारलं.

"बीकेसीतल्या एका कंपनीची ऑफर आलीय. पाच दिवस ऑफिस. सोमवारी उत्तर द्यायचंय. घरात सांगितलंय, फिरायला चाललोय. पण मला बघायचंय, हे शहर मला झेपतंय का."

आता हे एकदम वेगळंच प्रोजेक्ट झालं.

सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट केलं. ठिकाण, वेळ, तिकीट, जेवण. त्याला पाठवलं. अर्ध्या तासात परत आलं, दोन कॉलम वाढवून : 'पायऱ्या चढ' आणि 'पायऱ्या उतार'. मी म्हटलं, दोन कशाला, आकडा तर तोच असणार. तेव्हा त्याने समजावलं. चढताना चांगला पाय आधी टाकायचा, अंग उचलायचं, झालं. उतरताना खोट्या पायाचा घोटा आपल्या घोट्यासारखा वाकत नाही, पाऊल पायरीवर नीट बसलंय की नाही ते कळत नाही, आणि मागून लोकांचा लोंढा येत असतो. "किल्ल्यावरपण उतरतानाच पडतात की लोकं," तो म्हणाला. हे मात्र खरं.

शुक्रवारी सकाळी तो महालक्ष्मी एक्सप्रेसने कल्याणला उतरला. शनिवारी पहाटे आम्ही गाडीने ठाण्यापर्यंत आलो आणि तिथून लोकल. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच मार्गावर धावली, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, वगैरे माहिती मी देत होतो. पण पाहुण्याचं लक्ष नव्हतं. तो दिव्यांगांच्या डब्यात रोज येणाऱ्यांशी गप्पा मारत होता. कुबड्या घेतलेले एक काका, एक दृष्टिहीन मुलगी, आणखी दोघं. त्यांनी वीस मिनिटांत त्याला जे सांगितलं ते कुठल्याही टुरिस्ट गाइडमध्ये मिळणार नाही. साडेसातच्या आत गाडी पकडायची, नाहीतर साडेदहानंतर, मधे यायचं नाही. कुठल्या स्टेशनला फलाट कुठल्या बाजूला येतो ते पाठ करायचं. गाडी थांबायच्या आत उठायचं नाही, कुणी कितीही ढकललं तरी. काकांनी शेवटी विचारलं, "नवीन आहात?" हा म्हणाला, "अजून ठरलं नाही."

व्हीटीला उतरलो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेली इमारत, १८८८ साली पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारसा. मी वर घुमटाकडे हात दाखवत होतो, हा खाली बघत होता.

"भावा, इथं पूलच नाही!"

खरंच की. टर्मिनस म्हणजे जिथे रूळ संपतात ते स्टेशन. रूळ संपले की ओलांडायला काही उरत नाही. गाडीतून उतरा आणि सरळ चालत बाहेर पडा. चर्चगेटलाही तेच. पूल चढायचा-उतरायचा प्रश्न येतो तो मधल्या स्टेशनांना. शीटमध्ये व्हीटीपुढे त्याने 'चढ ०, उतार ०' लिहिलं आणि मग निवांत वर बघून घुमटाचा फोटो काढला.

गेटवेला टॅक्सीने गेलो. पंचम जॉर्ज १९११ साली आले त्याची आठवण म्हणून ही कमान, पण बांधून झाली १९२४ साली. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून गेली. पाहुण्यासाठी उभारलेल्या कमानीतून पाहुण्यालाच निरोप! लाँचमध्ये चढताना दगडी पायऱ्या ओल्या होत्या. लाँचवाल्याने न विचारता, न बोलता हात पुढे केला. याने तो न बोलता धरला. "असं पाहिजे," बसल्यावर म्हणाला. "लई विचारपूस केली की मग मला अवघड होतं."

घारापुरीला पोचायला तासभर लागतो. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत साधारण १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा, टोप्या आणि काकड्या विकणारे. पायथ्याशी डोलीवाले बसतात. खुर्चीला दांडे बांधलेले आणि माणसं उचलणार. एकाने लगेच याचा पाय बघून भाव सांगितला. याने मान हलवली आणि चढायला लागला. दर वीस पायऱ्यांना थांबत, कठड्याला टेकत, पण चढला. मी मागे होतो, म्हणजे कॉलेजसारखंच. शेवटच्या पायरीवर त्याने मागे बघितलं आणि विचारलं, "दम लागला का?" लागला होता. मी नाही म्हणालो. :)

लेण्यातला तो त्रिमुखी सदाशिव तुम्ही फोटोत बघितला असेलच, पण समोर उभं राहायला हवं. साधारण वीस फूट उंच, सहाव्या शतकातला. मधला चेहरा शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा हळवा. आम्ही बराच वेळ काही न बोलता उभे होतो. मग मी त्याला हत्तीची गोष्ट सांगितली. या बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता, त्यावरूनच पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला आणि उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले, १९१४ साली जोडले गेले, आणि आज तो हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे.

"म्हणजे रिपेअर होऊन मुंबईत सेटल झाला," हा म्हणाला. "चांगलाय की."

खरी गंमत परतताना झाली. वरच्या डोलीवाल्यांना त्याने विचारलं, "फक्त उतरायचे किती?" त्यांना प्रश्नच कळेना. लोक चढायला बसतात, उतरायला कोण बसतं? याने शांतपणे घोट्याचं सगळं गणित समजावून सांगितलं. त्यांच्यातला म्हातारा हसला, म्हणाला, बरोबर आहे, वजन घेऊन उतरताना आमचेही गुडघे बोलतात. भाव ठरला. हा खुर्चीत बसून राजासारखा खाली आला, वाटेत टोपी विकत घेतली. मला वाटलं होतं त्याला ओशाळवाणं वाटेल. छे! "चढायची हौस होती ती भागली. उतरताना हौस कशाला?"

दुपारी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर अर्धा तास बसलो, आणि मग चर्चगेटवरून भुयारी मेट्रो. ही आरे ते कफ परेड लाइन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झाली, ३३ किलोमीटर, २७ स्टेशनं. रस्त्यावरून लिफ्टने खाली, गाडी आणि फलाट एका पातळीत, बीकेसीला लिफ्टने वर. 'चढ ०, उतार ०.' मेट्रोच्या दारापासून त्या ऑफिसपर्यंत आम्ही चालत गेलो, तो घड्याळ लावून. नऊ मिनिटं. शनिवार असल्यामुळे इमारत बंद होती, पण तो काचेच्या दारासमोर उभा राहून काहीतरी बघत बसला. दारापुढे तीन पायऱ्या होत्या. कठडा नव्हता. संगमरवरी, गुळगुळीत. त्याने फोटो काढला.

येताना मुंबईने दुसरी बाजूही दाखवली. एका स्टेशनवर लिफ्टला 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागा सुगम करायच्या मुदती वगैरे छान लिहिलंय, पण कागदाने लिफ्ट चालत नाही. बेचाळीस पायऱ्या उतरलो. मी त्याच्या मागे हात पसरून, लोंढा अडवत. दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसं दाराला लटकलेली. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढलो. तो काही बोलला नाही. ठाण्यापर्यंत नाही, आणि पुढे भिवंडीच्या गोदामांमधून ट्रकच्या रांगेत घरी येईपर्यंतही नाही. आईने भाकरी वाढली, "दमलास का रे बाळा?" विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाही काकू, शहर मोठंय."

रविवारी पहाटे मी त्याला भीमेश्वराच्या देवळाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेलो. त्याने काठावर बसून पाय काढला, टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिला आणि हातांवर जोर देत पाण्यात उतरला. आजूबाजूच्या चार-पाच माणसांनी एकदा बघितलं आणि परत आपापल्या अंगाला पाणी घालायला लागली. आमच्या गावाला दुखरी माणसं नवीन नाहीत. गुडघे, कंबर, सांधे घेऊन लोक पिढ्यान्‌पिढ्या इथे येतात.

बाहेर आल्यावर मात्र पाय बसेना. गरम पाण्याने उरलेला पाय थोडा फुगतो, मग सॉकेटमध्ये जात नाही. थांबावं लागतं. आम्ही नदीच्या बाजूला बसलो, पाय माझ्या मांडीवर. घाई करून उपयोग नव्हता, म्हणून बोलणं झालं.

"इथलंच पाणी मुंबईला जातं?" त्याने विचारलं.

"कुंडातलं नाही रे बाबा! ही तानसा. वरती धरण आहे, १८९२ सालचं. तेव्हापासून हिचं पाणी पाइपातून मुंबईला जातंय."

तो नदीकडे बघत होता. मग म्हणाला, "मिरजेत मला सगळे सांभाळतात. आई जिन्यावर दिवा लावून ठेवते, बाबा गाडी दाराशी आणतात. माझं काही अडत नाही. आणि त्यामुळं मला कळतच नाही, माझं मला काय जमतंय. काल कळलं. एकशेवीस चढता येतात. बेचाळीस उतरता येतात, पण रोज नाही."

मी काही बोललो नाही. सल्ला द्यायची जागा नव्हती ती. वीस मिनिटांनी पाय बसला, आणि आम्ही घरी पोहे खायला गेलो. वज्रेश्वरीच्या देवळाच्या बावन्न पायऱ्या बघून घेऊ म्हटलं तर म्हणाला, "पुढच्या वेळी. चिमाजी अप्पांनी वसई जिंकून ते देऊळ बांधलं ना? मग मीपण काहीतरी जिंकूनच चढतो." रात्री कल्याणहून गाडीत बसवलं.

सोमवारी दुपारी माझी मीटिंग चालू असताना मेसेज आला. कंपनीला त्याने तीन गोष्टी लिहून पाठवल्या होत्या : ऑफिसची वेळ अकराची हवी, राहणार मेट्रो लाइनवरच म्हणून घरभाड्यासाठी पगारात थोडी वाढ हवी, आणि दारातल्या तीन पायऱ्यांना कठडा हवा. सोबत शनिवारी काढलेला फोटो, त्यावर लाल रेघेने कठडा काढून दाखवलेला. उजव्या हाताला.

संध्याकाळी दुसरा मेसेज. पहिलं आणि तिसरं मान्य. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत.

आणि खाली : "घर शोधायला लाग. तळमजला किंवा लिफ्ट. आईला मी सांगतो, पण पहिला फोन तुला येणार, तयारीत राहा."

आला फोन, रात्री साडेनवाला. काकू रडत नव्हत्या. त्यांनी एकच विचारलं, "तिथं जिन्यात दिवा असतो का रे?"