पाव मागायचा तर...

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रान आणि तळ्यांच्या मुलखात, उन्हाळी सुट्टीत भाषांची गावे गजबजतात. तिथल्या कॉन्कॉर्डिया कॉलेजने १९६१ साली जर्मन भाषेपासून ही शिबिरे सुरू केली. पुढे फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, जपानी अशी गावे वाढत गेली. पणजीत शिकलेल्या पोर्तुगीजच्या जोरावर एका उन्हाळ्यात मी पोर्तुगीज गावात काम केले. गावाचे नाव ‘मार इ फ्लोरेस्टा’, म्हणजे समुद्र आणि रान. मिनेसोटात समुद्र कुठला? पण गोवेकराला हे नाव परके वाटणे शक्य नाही.

मुले येतात तीच जणू सीमा ओलांडून. हातात खोटा पासपोर्ट, डॉलर बदलून घ्यायचे आणि नवे पोर्तुगीज नाव निवडायचे. मग उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर तीच भाषा. आमचे काम शिकवण्याचे कमी आणि बोलत राहण्याचे जास्त. अर्थ इंग्रजीत सांगायचा नाही. हातवारे करा, चित्र काढा, गाणे म्हणा, नाहीतर नाचून दाखवा!

खरा वर्ग भरायचा जेवणाच्या टेबलावर. पाव हवा तर पोर्तुगीजमध्ये मागायचा. दोन दिवस तोंड मिटून बसलेला एक मुलगा तिसऱ्या दिवशी भुकेपोटी बोलला. व्याकरण कुठल्या कुठे गेले होते, पण पाव मिळाला. कोणी हसले नाही. संध्याकाळपर्यंत तो बडबडायला लागला.

मला मात्र त्या टेबलावर आमचे स्वयंपाकघर आठवायचे. मेज, जनेल, कोप, कुलेर, पाव... आजीला पोर्तुगीजचे एक वाक्य येत नव्हते, पण हे शब्द तिच्या तोंडी सहज असत. ते परके आहेत हे तिच्या गावीही नव्हते. आमच्या गटातल्या ब्राझीलच्या मित्राला मी काजूच्या बोंडांची फेणी सांगितली तेव्हा तो चकित झाला. काजूचे झाड पोर्तुगीजांनी त्याच्याच देशातून आमच्याकडे आणले. अननसही तिकडचाच. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये त्याला आज ‘अबाकाशी’ म्हणतात, ‘अननस’ आमच्याकडे राहिला.

तिथे एक प्रश्न मनात घोळत राहिला. ‘इथे हीच भाषा बोलायची’ हा नियम गोव्याने फार पूर्वी पाहिलेला आहे. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावे. काय झाले? साडेचारशे वर्षे राज्य करूनही सामान्य गोवेकराची ती भाषा झाली नाही. ज्या १९६१ साली मिनेसोटात पहिले गाव वसले, त्याच वर्षी १९ डिसेंबरला पोर्तुगीज राजवट इथून गेली. फर्मान गेले, पाव राहिला. फर्मान माणसाकडून त्याची भाषा हिरावून घेऊ पाहत होते. शिबिरातले मूल स्वतःची भाषा शाबूत ठेवून घरी जाते. शब्द आत येतात ते बाजारातून, चुलीपाशी, गरजेपोटी आणि आवडीने.

आज आपण मराठीच्या काळजीने स्पर्धा भरवतो. मुले पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणतात, बक्षीस घेतात आणि खाली उतरून पाणी मागतात ते इंग्रजीत. पाठ केलेल्या भाषणाला कोणी उलट उत्तर देत नाही, तिथेच घोडे अडते.

खरे तर आमच्याकडे भाषेचे गाव आहेच. जत्रेच्या नाटकाची तालीम! घरात कोंकणी, शाळेत इंग्रजी असलेला मुलगा देवळाच्या मंडपात रात्री-रात्री मराठी संवाद म्हणतो. समोरच्याचे वाक्य ऐकून त्याला आपले वाक्य टाकावेच लागते. गोव्यात कित्येकांच्या तोंडी मराठी बसली ती अशी. शाळेने दिली त्याहून जास्त तालमीने दिली.

तेव्हा यंदा तालीम सुरू झाली, की मुलांना ‘अभ्यास आहे’ म्हणून घरी ठेवू नका. भूमिका नसली तरी चालेल. पडद्याआडून प्रॉम्प्टिंग करू द्या. दुसऱ्याचे वाक्य अडले की आपले तोंड आपोआप उघडते, मग आणखी वेगळे काही शिकवावे लागत नाही.